लांब, घेरदार कुरळे केस: काप, धुणं, वाळवणं. तुमचे अनुभव लिहा

कुरळ्या केसांत लांबी आणि घेर एकत्र राखणं अवघड असतं. केस वाढले की वजन वाढतं, मुळाजवळची वेटोळी ताणली जातात आणि सगळा फुगवटा टोकांकडे साचतो. हे गणित ज्यांना जमलंय त्यांनी नेमकं लिहावं: काय, किती, कसं आणि काय बिघडतं.

*

आधी काप. तो चुकला तर पुढचं कोणतंही जेल कामाचं नाही. कापायला जाताना केस धुतलेले, पूर्ण कोरडे आणि मोकळे ठेवा. कुरळा केस ओला असताना लांब लोंबतो आणि वाळला की आखडतो. घट्ट वेटोळी तर निम्म्याहूनही आखूड दिसतात. त्यात माथ्यावरची आणि मानेवरची वेटोळी सारखी नसतात, त्यामुळे ओल्यावर सरळ कापलेली रेघ वाळल्यावर वेडीवाकडी होते.

सगळे केस एकाच लांबीचे ठेवले की वर चप्पट, खाली त्रिकोण. लेअर हवेतच, पण लांब केसांत सगळ्यात आखूड लेअर हनुवटीच्या खाली राहू द्या. त्याहून वर नेला तर माथ्यावर टोपी बसल्यासारखं दिसतं आणि खाली विरळ शेपट्या उरतात. विरळ करायची दातेरी कात्री लावू देऊ नका. तिने तुटलेली आखूड टोकं बटेबाहेर येऊन पिंजारतात.

*

वरच्या कापाला पूर्ण अनुमोदन. धुण्याबद्दल: टाळूचं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकांपर्यंत नीट उतरत नाही, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं रुक्ष असं एकाच वेळी होतं. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर कानाखालच्या केसांना. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच सोडवा: केसांचे चार भाग, रुंद दातांचा कंगवा, सुरुवात टोकांपासून आणि मग हळूहळू वर. कोरड्या केसांत ब्रश फिरवला की बटा सुट्या होतात आणि सगळं भुरभुरीत दिसतं. त्याला घेर म्हणत नाहीत!

*

जेल लावायची वेळ महत्त्वाची. केसांतून पाणी निथळत असतानाच लावा. टॉवेलने पुसून मग लावलं तर बटा आधीच विस्कटलेल्या असतात आणि जेल त्यांना तशाच धरून ठेवतं. छातीपर्यंतच्या दाट केसांना दोन-तीन मोठे चमचे पुरतात. तळहातांत बट धरून वरून खाली ओढा, मग टोकाकडून टाळूकडे मुठीत दाबा. पचपच आवाज येत असेल तर पाणी पुरेसं आहे. जास्तीचं पाणी सुती टीशर्टने दाबून टिपा, घासू नका.

मग माथ्यावर, मुळाशी आडव्या चार-सहा छोट्या क्लिपा लावा. डिफ्यूझर (हेअर ड्रायरच्या तोंडाला लावायची भोकांची पसरट वाटी) कमी उष्णतेवर आधी लांबून फिरवा. बटांवर कडक थर धरला की डोकं खाली करून केस त्याच्या वाटीत घ्या. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर तळहातावर तेलाचे दोन थेंब चोळून बटा दाबल्या की कडकपणा मोडतो. घेर हवा असेल तर बोटं फक्त मुळाशी हलवा, बटांमधून खाली ओढू नका.

*

डिफ्यूझर नको असेल तर वाळताना भांग दोन-तीनदा बदला. ओल्या केसांचं वजन एकाच बाजूला राहिलं की मुळं तिथेच चप्पट बसतात.

*

बिघाड ओळखायची माझी पद्धत. बटा अचानक सैल, चिकट, निस्तेज झाल्या तर बहुधा कंडिशनरमधल्या सिलिकोनचा किंवा जेलचा थर साचलाय. महिन्यातून एकदा क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेला थर धुऊन काढणारा शाम्पू वापरा. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर ईडीटीए हा क्षार बांधून घेणारा घटक असलेला शाम्पू ते क्षार काढतो. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल तर प्रोटीन ट्रीटमेंट घ्या. उलट केस काडीसारखा कडक होऊन तुटत असेल तर प्रोटीन थांबवा आणि साधं कंडिशनर वाढवा. दमट हवेत ग्लिसरीन जास्त असलेलं जेल टाळलेलं बरं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि केस फुगून पिंजारतात.

*

रात्री सॅटिनची उशी आणि माथ्यावर सैल अंबाडा, कापडी रबराचा एकच वेढा. घट्ट बांधू नका. रोजच्या ताणाने कपाळाजवळचे केस विरळ होतात आणि ते फार काळ चाललं तर तिथे केस कायमचे येत नाहीत. सकाळी सगळे केस ओले करायची गरज नाही. ज्या बटा चेपल्यात तेवढ्याच पाणी फवारून बोटाभोवती गुंडाळा आणि वाळेपर्यंत सोडू नका.