वाचनालयात खुर्च्या वाढवायच्या की पुस्तकं उघडी ठेवायची? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पिंपळपार

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. एक ठराव असा आलाय: वरच्या मजल्यावरचा मुक्तद्वार विभाग, म्हणजे वाचक स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडतो तो, बंद करायचा, कथा-कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं मागच्या खोलीतल्या कुलपी कपाटांत हलवायची आणि त्या जागेत अभ्यासिका वाढवायची. कार्यकारिणीचं कारण सरळ आहे. पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर दिवसाकाठी मोजकी माणसं येतात, अभ्यासिकेला मात्र प्रतीक्षायादी आहे.

माझा ठरावाला विरोध आहे, आणि तो ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ छापाचा नाही.

अभ्यासिकेत वाचनालय नेमकं काय देतं? खुर्ची, टेबल, पंखा, वायफाय, पिण्याचं पाणी. पुस्तकं मुलं घरून आणतात, नोट्स मोबाइलवर असतात. म्हणजे संस्थेकडे जे आहे ते सोडून संस्थेकडे जे नाही त्यासाठी लोक येतात, आणि आपण त्याला प्रतिसाद म्हणतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा नियम सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कुलपातल्या पुस्तकाला तो कसा मिळणार? चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागायचं तर ते पुस्तक आहे हे आधी ठाऊक हवं. मुक्तद्वारात माणूस एक शोधायला जातो आणि दुसरंच घेऊन येतो. माझं निम्मं वाचन असंच झालंय.

देवघेव घटली हे खरं. पण नवीन पुस्तकं किती आली, वाचनालय कोणत्या वेळेत उघडं असतं, बालविभागाला किल्ली कोण लावतं, हे सभेत कुणी विचारतच नाही. वाचक घटला म्हणून पुस्तकं हलवायची, आणि पुस्तकं हलवली की उरलेला वाचकही जाणार. मग पुढच्या वर्षी हाच ठराव जास्त आकडे घेऊन येईल.

खुर्ची क्रमांक बारा

काका, मी त्या प्रतीक्षायादीतून आत आलेला मुलगा आहे. तुमच्या गावातला नाही, पण गोष्ट तीच.

घरी दोन खोल्या, माणसं सहा. टीव्ही बंद कर म्हटलं की आजीचं तोंड उतरतं. म्हणून घर सोडून इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतो. खाजगी अभ्यासिका आहे, एसी आहे, पण तिची महिन्याची फी म्हणजे माझा जेवणाचा डबा. वाचनालयात सकाळी सहाला बसतो, रात्री दहाला उठतो. आमच्या इथे मुलींची वेगळी बाजू आहे. घरचे त्यांना दुसरीकडे कुठेच इतका वेळ बसू देत नाहीत. ‘वाचनालयात आहे’ म्हटलं की वडील काही विचारत नाहीत. ही अब्रू वाचनालयाची आहे, पंख्याची नाही.

तुम्ही म्हणता पुस्तकं नाही, खुर्ची देतात. बरं मग? ज्याच्या घरी खुर्ची टाकायला जागा नाही त्याला खुर्ची देणं कमी दर्जाचं काम आहे का? तुमच्या घरी टेबल आहे म्हणून तुम्हाला कादंबरी दिसते.

दाखलअंक

मी ‘ब’ वर्गाच्या एका ग्रामीण वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोघांचं वाचलं. जमाखर्चाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितोय.

आपल्याकडे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे परिरक्षण (म्हणजे वाचनालय चालवण्याचं) अनुदान मिळतं. शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, घेतात, तमिळनाडूत आणि केरळातही आहे. आपल्या कायद्यात उपकर नाही. म्हणजे राज्यभरातल्या अकरा-बारा हजार वाचनालयांचा डोलारा सरकारी अनुदानावर आणि स्थानिक वर्गणीवर उभा आहे. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, त्याआधीची वाढ दहा वर्षांपूर्वीची होती. अनुदानातला अर्धा वाटा वेतनाला जातो. त्या अर्ध्यात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई कसे बसवायचे ते तुम्हीच सांगा. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी देण्याची शिफारस केली त्याला कित्येक दशकं झाली, अजून आम्ही निवेदनंच देतोय.

उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, बांधणी, दुरुस्ती. अशात अभ्यासिकेचं शुल्क दर महिन्याला रोख येतं. अनुदानाचा हप्ता मार्चअखेरीस येईपर्यंत आमचं वीजबिल त्याच पैशातून भरलं जातं. पिंपळपार, तुम्ही ज्या कादंबऱ्यांची बाजू घेताय त्यातल्या गेल्या वर्षीच्या नव्या कादंबऱ्या अभ्यासिकेच्या पैशातून आल्या आहेत, निदान आमच्याकडे तरी.

म्हणून मी ठरावाच्या बाजूने. कुलपी कपाटांचं मलाही आवडत नाही, पण मुक्तद्वारात पुस्तकं गहाळ होतात आणि वार्षिक मोजणीत कमी भरली की जाब मला द्यावा लागतो.

पिंपळपार

दाखलअंक, हिशेब पटला. पण तुमच्याच हिशेबातून उलटंही निघतं. अभ्यासिका पैसे मिळवते तर त्या पैशातून काय घ्यायचं यावर बंधन हवं. ठरावात त्याबद्दल एक अक्षर नाही. खुर्च्यांच्या पैशातून आणखी खुर्च्या येणार हे मी आताच लिहून देतो.

क्रमांक बारा, माझ्या घरी टेबल आहे हे खरं. पण गावात ज्या बाईच्या घरी पुस्तकही नाही आणि टेबलही नाही, तिला परीक्षाही द्यायची नाही, तिचं काय? तिची प्रतीक्षायादी कुणी लावलेली नाही, म्हणून ती मोजली जात नाही.

जुनं बाड

वाद नवा नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 ची, जी आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते. या पहिल्या पिढीतल्या वाचनालयांचा वाचक कोण होता? इंग्रज अधिकारी, त्यांच्या कचेरीतले नेटिव्ह, शहरातली शिकलेली मूठभर मंडळी. वर्तमानपत्रं वाचायची, इंग्रजी ग्रंथ चाळायचे. पुढे मराठी वाचणारा वर्ग तयार झाला तेव्हा त्याच्यासाठी वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या: ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893, मुंबईचं 1898. जुन्या वाचनालयांनाही मग मराठी कपाटं वाढवावी लागली. बदलत्या वाचकामागे वाचनालयाला नेहमीच जावं लागलंय. आजचा वाचक स्पर्धा परीक्षेचा आहे तर त्याच्यामागे जा. उगाच गळे कशाला काढायचे?

सरोजमावशी

जुनं बाड, तुमचा इतिहास छान आहे, पण त्यात एक गंमत आहे. प्रत्येक वेळी वाचक बदलला तेव्हा वाचनालयाने नव्या वाचकाला पुस्तकं दिली. इथे पुस्तकं काढून घ्यायची चाललीय.

मी एकाहत्तर वर्षांची. आमच्या वाचनालयात माझ्यासारख्या बऱ्याच बायका सभासद आहेत. वाचनालय वरच्या मजल्यावर, जिना उभा, कठडा एका बाजूला. गुडघे दुखायला लागले तशा एकेक जणी यायच्या बंद झाल्या, आणि वहीत नोंद झाली ‘सभासदसंख्या घटली’. वाचणं कुणीच सोडलं नव्हतं! मग आम्हीच सुनांना, नातवंडांना पिटाळून पुस्तकं मागवायला लागलो. ग्रंथपाल बाई चांगल्या, त्या फोनवर विचारून पुस्तक बाजूला काढून ठेवतात. मोठ्या टायपातली पुस्तकं मिळाली तर आणखी बरं.

तर बदलता वाचक म्हणजे फक्त विशीतला मुलगा नव्हे हो. म्हातारं होणं हाही बदलच आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना 2009 पासून पुस्तकांच्या पेट्या फिरवते, सोसायट्यांत, कचेऱ्यांत, थेट दुबईपर्यंत. दुबईला पेटी जाते आणि आमच्या गावात दोन गल्ल्या ओलांडून पुस्तक येत नाही.

बडोदेकर

पेट्यांचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. त्यानंतर संस्थानात जे झालं त्यात दोन गोष्टी या वादाला लागू पडतात. एक म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं, त्या काळात हे धाडसच होतं. दुसरी, जिथे वाचनालय नाही अशा गावांना लाकडी पेटीत भरून पुस्तकं पाठवली. आणि गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने पैसे उभे करायचे, तेवढीच भर दरबार आणि पंचायत घालणार. म्हणजे गावाची इच्छा पैशात दिसली पाहिजे.

दाखलअंक यांचा गहाळ पुस्तकांचा मुद्दा तेव्हाही असणारच. तरी कपाटं उघडी ठेवली. काही पुस्तकं हरवणं हा खर्चाचा भाग धरला तर ग्रंथपालाच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते. तो निर्णय मात्र कार्यकारिणीने लेखी घ्यायला हवा, ग्रंथपालाच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

खवचट खंडू

सगळेच भाबडे. 2012 साली महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली होती, आठवतंय का? कित्येक वाचनालयं कागदावर निघाली. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता कित्येक वर्षं बंद. निष्ठेने चालणाऱ्यांचं वर्ग वाढवणंही अडकलं. तेव्हा निदान एवढं तरी म्हणा की अभ्यासिका असलेलं वाचनालय रोज उघडतं. मुलं किल्लीवाल्याला घरातून उठवून आणतात. माझ्या पाहण्यातल्या एका वाचनालयात अभ्यासिका सुरू होईपर्यंत तपासणीच्या दिवशीच दार उघडायचं.

खुर्ची क्रमांक बारा

खंडू, हे मात्र शंभर टक्के.

सरोजमावशींच्या आणि काकांच्या मुद्द्यावर बोलतो. तुम्ही सगळे धरून चाललात की अभ्यासिकेतला मुलगा कपाटाकडे ढुंकून बघत नाही. का बघत नाही, विचारा ना. मी दर महिन्याला शुल्क भरतो ते बसायचं. त्यावर पुस्तक घरी नेता येत नाही. त्यासाठी वेगळं सभासदत्व, वेगळी अनामत, स्थानिक ओळखीच्या माणसाची सही. मी बाहेरगावचा, कॉट बेसिसवर राहणारा, सही कुणाची आणू? आणि सभेत मला मत नाही. मुक्तद्वार बंद करायचा ठराव ‘आमच्यासाठी’ म्हणून येतोय, तो आम्हाला न विचारता.

दुसरं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीय. आता गोल काळे करून भागत नाही, पानंच्या पानं लिहायची आहेत. निबंध लिहायचा तर वाचलेलं असावं लागतं. आमच्यातली काही मुलं यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतात. नेमलेली पुस्तकं त्यांनी पुण्याहून विकत मागवली. मी सहज वर जाऊन बघितलं तर त्यातली तीन आमच्याच वाचनालयात, धूळ खात.

म्हणून माझं मत असं: खुर्च्या वाढवा, आणि त्या कपाटांच्या मध्ये टाका. कपाटं हलवायची गरजच काय? भिंतीला टेकून कपाट, समोर टेबल.

दाखलअंक

मध्ये टाकल्या तर पुस्तक बघायला आलेल्या माणसाच्या पावलांवरून भांडणं होतात. ‘शांतता राखा’ची पाटी मुलांनी एका आजोबांना दाखवलेली मी पाहिलीय. आणि अनामत न घेता पुस्तक दिलं, मुलगा परीक्षा झाली की गाव सोडून गेला, तर वसुली कशी करू? शुल्कातच थोडी रक्कम अडकवून ठेवायची म्हटलं तर विचार करता येईल. त्यापलीकडे माझी तयारी नाही.

सरोजमावशी

आजोबांना पाटी दाखवली! आमच्या वेळी ग्रंथपालांनाच लोक घाबरायचे.

अहो दाखलअंक, सकाळची वेळ मुलांची, चार ते सहा कपाटं बघणाऱ्यांची, असं का नाही करत? चारला तसंही निम्मी मुलं चहाला गेलेली असतात.

जुनं बाड

वेळा वाटणं कागदावर सोपं. पण चार ते सहा उठायला सांगितलेला मुलगा पुढच्या महिन्यात खाजगी अभ्यासिकेत जाईल आणि दाखलअंक यांचं वीजबिल थकेल. माझं मत अजूनही ठरावाच्या बाजूनेच आहे. पुस्तकं खाली नेऊन नीट यादी करा, यादी फोनवर बघता येईल अशी लावा. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं आज संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, विश्वकोश ऑनलाइन आहे. कपाटासमोर उभं राहण्याचा हट्ट कशासाठी?

पिंपळपार

यादीतून पुस्तक मागवणाऱ्याला काय हवं ते माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी मी भांडतोय. आमच्या गावात असेच जास्त आहेत.

ठराव सरसकट हाणून पाडायचा विचार सोडला. उपसूचना मांडतो: मुक्तद्वार जागेवरच राहील, खुर्च्या वर्तमानपत्र विभागाच्या बाजूने वाढवाव्यात, अभ्यासिकेच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा पुस्तक खरेदीलाच जावा, आणि सलग सहा महिने शुल्क भरणाऱ्याला वाचक सभासदाप्रमाणे एक पुस्तक घरी नेता यावं. जिना चढू न शकणाऱ्या सभासदांना आठवड्यातून एकदा पुस्तक घरपोच, त्यासाठी अभ्यासिकेतल्या मुलांनी पाळी लावावी.

खुर्ची क्रमांक बारा

घरपोच आम्ही देतो, हरकत नाही. ‘सहा महिने’ खोडा. बरीच मुलं पूर्व परीक्षेचा निकाल लागला की घरी परत जातात, तोवर चारच महिने होतात.

दाखलअंक

एक महिना केलात तर माझा विरोध. तीन महिने ठेवा.

खवचट खंडू

उपसूचना सभेआधी लेखी द्यावी लागते, संस्थेची घटना काढून मुदत बघा. आणि वर्तमानपत्र विभागाला हात लावताय, तिथले सकाळचे म्हातारे अजून या चर्चेत आलेले नाहीत.