सासऱ्यांना ठाणं दाखवायचंय, मॉल सोडून

घोडबंदरची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही कासारवडवलीला राहतो. मी मिरजेची, नवरा इस्लामपूरचा, नोकरीपायी इकडे आलो. डिसेंबरच्या शेवटी सासू-सासरे येतायत. सासरे हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलेलं नाही. मागच्या खेपेला दिरांनी हौसेने त्यांना मॉल दाखवला. सासरे सरकत्या जिन्यापाशी बाकावर बसून राहिले आणि रात्री जेवताना मला म्हणाले, "सूनबाई, ठाणं कधी दाखवणार?"

तर ठाण्यात एखादं छोटं, फारसं कुणाला माहीत नसलेलं वस्तुसंग्रहालय आहे का? सासूबाईंना झाडं-फुलं आवडतात, पण गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको. मुलगी चौथीत आहे, तिला प्राणी-पक्षी दिसले की झालं. तलावपाळी आणि उपवन आम्हाला माहीत आहे. त्यापलीकडचं सांगा.

नौपाड्याचा_जुना

ताई, वस्तुसंग्रहालय शोधत बसू नका. आमच्या गावानं जुनं काही काचेत ठेवलंच नाही. किल्ल्यात कैदी ठेवले, देवळाभोवती बाजार भरवला आणि तलावात बोटी सोडल्या. जे आहे ते सगळं वापरात आहे, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही. इतिहासाच्या मास्तरांना मात्र हीच जागा दाखवायला हवी.

तलावपाळी माहीत आहे म्हणता, पण तिथून पुढे चालला आहात का? सकाळी साडेसातला, भाजीबाजाराची गर्दी वाढायच्या आत, कोपिनेश्वरापासून सुरुवात करा. हे स्थान शिलाहारकाळापासूनचं, म्हणजे उत्तर कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं तेव्हापासूनचं मानतात. आजचं देऊळ १७६० च्या सुमाराचं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. गाभाऱ्यातली पिंडी एवढी मोठी आहे की पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकतो. आवारात ब्रह्मदेवही आहे, तो चुकवू नका. आपल्याकडे ब्रह्मदेवाला जागा देणारी देवळं थोडीच.

बाहेर पडलात की तळ्याच्या काठावर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीजांच्या काळातलं. सासऱ्यांना एवढंच सांगा की पोर्तुगीज यायच्या दोनेकशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले होते आणि त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी इथे येऊन गेला. मग पुढचा अर्धा तास तेच बोलतील.

तिथून टेंभी नाका. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू लोकांचं सिनेगॉग (प्रार्थनागृह) आहे, शार हशामाइम, १८७९ सालचं. आत जायचं तर आधी विचारूनच जा, पण बाहेरून पाहायला कुणाची ना नाही. पारशांची अग्यारीही याच भागात. देऊळ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, सगळं चालत चालत. हे काही कुणी पर्यटनासाठी मांडलेलं नाही. बंदर होतं, माणसं येत गेली.

आणि मग ठाण्याचा तुरुंग. लोक म्हणतात, जेल काय बघायचं. अहो, तो किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. १७८७ मध्ये तिथे खोदकाम करताना ताम्रपट निघाले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इ.स. १०१७. त्यात 'श्रीस्थानक' हे ठाण्याचं जुनं नाव आहे. ठाण्याला हजार वर्षं झाली हे आपण छातीठोकपणे सांगतो ते अशा पुराव्यांच्या जिवावर. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते, ते याच किल्ल्यातून निसटले. तबेल्यातल्या एका मराठी मोतद्दाराने गाण्यातून त्यांना निरोप पोचवला अशी कथा सांगतात, खरी-खोटी सासऱ्यांना ठरवू द्या. २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे इथे फासावर गेले. १९ एप्रिल १९१० ला, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाच्या खटल्यात, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. आत सहज जाता येत नाही. तटाच्या कडेने रस्त्यावरून चालायचं, बुरूज बघायचे आणि कॅमेरा खिशातच ठेवायचा, कारण शेवटी तो तुरुंग आहे.

हा सगळा फेरा दीडेक किलोमीटरचा, सपाट रस्त्याचा. सासूबाईंना मध्येच रिक्षात बसवता येईल. परतताना मामलेदारची मिसळ खा. मुलीला तर्री कमी सांगा.

फलाट_नंबर_एक

काका, रेल्वे कशी विसरलात? देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, १६ एप्रिल १८५३!

नौपाड्याचा_जुना

विसरलो नाही, मुद्दाम ठेवली होती. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ३४ किलोमीटर. हे ठाण्यातलं शेंबडं पोरसुद्धा पाठ म्हणतं. पण स्टेशनात उभं राहून त्यातलं काय दिसतं? गर्दी. त्यापेक्षा गाडी पुढे कल्याणला कशी गेली ते दाखवा. खाडी आडवी होती, पूल बांधावा लागला आणि १८५४ च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला पोचली. दुपारच्या रिकाम्या लोकलने कळव्याकडे निघा, सासऱ्यांना खिडकी द्या, खाडी आली की सांगा. आणि त्याच गाडीने पुढे अंबरनाथला उतरा. अंबरनाथचं शिवालय बघितल्याशिवाय त्यांना परत पाठवू नका. शके ९८२, म्हणजे १०६० चा शिलालेख आहे. मघाशी ज्या अरिकेसरीचे ताम्रपट सांगितले त्याच्या पुतण्यांच्या काळातलं काम. छित्तराजाने सुरू केलं, मुम्मुणीच्या वेळी पुरं झालं. बाहेरच्या भिंतींवर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि वर बघितलं तर शिखराच्या जागी आकाश. सासूबाईंना सभामंडपात बसू द्या, त्या पायऱ्या गुडघ्यांच्या नाहीत.

ठाण्यात नावाचं का होईना, संग्रहालय हवंच असेल तर सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १ जून १८९३ ची स्थापना. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे त्यामागे होते. मी बँकेतून सुटल्यावर घरी जायच्या आधी तिथे टेकायचो. मास्तरांना जुन्या पुस्तकांच्या कपाटांपाशी सोडा आणि तुम्ही राम मारुती रोडला खरेदी उरकून या. कुणाचीच तक्रार येणार नाही.

येऊरवेडी

हिरवळीचं मी सांगते, कारण काका झाडाखाली फक्त चहा पितात.

तुम्ही घोडबंदर रोडलाच आहात, मग ओवळ्याची ओवळेकर वाडी जवळच आहे. फुलपाखरांची बाग. रविवारी सकाळी उघडी असते, ऊन वर यायला लागलं की फुलपाखरं बाहेर पडतात, त्यामुळे पहाटे धावत जायची गरज नाही. पाऊस सरल्यानंतरचे महिने सगळ्यात भरलेले, पण डिसेंबरातही मुलीला भरपूर दिसतील. तिथे फुलांपेक्षा पानांकडे बघा. कढीपत्ता आणि लिंबावर मॉरमॉनच्या अळ्या, रुईवर टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. ब्लू मॉरमॉन दिसलं तर मुलीला सांगा, हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. जाण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. चालणं फारसं नाही, सासूबाईंना जमेल.

येऊरला मात्र रविवारी जाऊ नका. गाड्या, गाणी आणि चिकन भाजल्याचा वास, याखेरीज काही हाती लागत नाही. मधल्या वारी सकाळी वनखात्याच्या फाटकातून आत जा, ते संजय गांधी उद्यानाचंच जंगल आहे. थंडीत इथल्या पक्ष्यांच्या जोडीला पाहुणेही आलेले असतात. हळद्या, भृंगराज, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. ऐन, किंजळ, कुसुम ही झाडं सासूबाई ओळखतीलच. सुरुवातीचा रस्ता बराचसा सोपा आहे, जिथे थकाल तिथून वळा. बिबट्यांचं घर आहे, म्हणून अंधार पडायच्या आत बाहेर.

कोलशेतचं नवीन सेंट्रल पार्कही सुचवतील लोक. आखीव-रेखीव आहे, २०.५ एकर, बाक भरपूर. झाडं अजून लहान आहेत. दुपारी सावली मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ऐरोली_सेक्टर_आठ

आमच्या बाजूलाही या. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तुम्हाला हवं तसं छोटं संग्रहालय म्हणजे हेच. कांदळवनाचे प्रकार, खेकडे, मासे, खाडीत काय काय राहतं ते नीट मांडलेलं आहे. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला उपयोगी. तिथूनच फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण खरं सांगतो, डिसेंबरअखेर थवे नुकते येत असतात. पाणी गुलाबी दिसायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. आणि बोट भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालते, तुमच्या सोयीने नाही. आधी बुकिंग करा.

घोडबंदरची_सून

सगळ्यांचे आभार! सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं. ताम्रपट ऐकल्यावर त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि कागदावर शक लिहून घेतला. आता म्हणतायत, फेब्रुवारीपर्यंत राहतो, फ्लेमिंगो बघूनच जाईन. सासूबाई मागून ओरडल्या, ऊसतोड कोण बघणार?

नौपाडेकर काका, एकच शंका. गडकरी रंगायतनला नाटकाचा बेत सासूबाईंचा आहे. सकाळी तो फेरा आणि संध्याकाळी नाटक, असं एकाच दिवशी झेपेल का?

नौपाड्याचा_जुना

झेपेल, पण मध्ये घरी जाऊ नका, घोडबंदर रोडवर अडकाल आणि पहिला अंक बुडेल. दुपारी ग्रंथसंग्रहालय ठेवा, ते आणि रंगायतन तसं लांब नाही. तिकिटं आधी काढा आणि सासूबाईंसाठी रांगेच्या कडेची खुर्ची मागा, पाय सोडायला बरं पडतं. मध्यंतरातला बटाटेवडा घ्यायचा असेल तर पडदा पडताक्षणी उठा, नंतर मिळत नाही.