मदत हवी आहे: पाच डबे शंख-शिंपले, नावं कशी शोधायची?

गजाभाऊ: वडिलांनी जमवलेले शंख-शिंपले, पत्र्याचे पाच डबे भरून. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, त्याआधी नावं लावून शाळेला द्यायचेत. मोबाईलवर फोटो टाकला की दर वेळी वेगळंच नाव येतं. कुठलं ॲप चांगलं ते सांगा. लवकर, प्लीज.

सागरगोटा: कुठल्या किनाऱ्यावरचे?

गजाभाऊ: समुद्रकिनाऱ्यावरचे. फोटो टाकलाय की.

शकूमावशी: आधी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. आमचे कसे चकाचक निघाले!

सागरगोटा: अजिबात नको! शंख म्हणजे चुनाच, आम्लात विरघळतो. साधं पाणी आणि जुना टूथब्रश बास. गजाभाऊ, फोटो वरून काढलाय, त्यातून काही कळत नाही. शंख उलटा करून तोंडाचा काढा, शेजारी नाणं ठेवा. शिंपल्याचा आतून, बिजागरीचे दात दिसतील असा. डाव्या कोपऱ्यात बटणासारखे चपटे गुळगुळीत आहेत ना, ते सगळे एकच, उंबोनियम. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून ॲप गडबडतं. ते आधी बाजूला काढा, निम्मा डबा रिकामा होईल.

शकूमावशी: वीस वर्षं झाली, आमचे काही विरघळले नाहीत.

नाना_फडतरे: एखादा दक्षिणावर्ती, म्हणजे उलट्या वळणाचा शंख, आहे का बघा. लाखांत जातो.

सागरगोटा: नाना, बाजारात त्या नावाने खपवतात त्यातले बरेच अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. ती जातच जन्मतः उलट्या वळणाची, त्यात दुर्मीळ काही नाही. आणि इथे विकण्याबद्दल कुणी विचारलंय?

गजाभाऊ: कुणीच नाही! शिंपल्यांना गोल भोकं आहेत. बाबांनी माळेसाठी पाडली असतील का?

सागरगोटा: नाही हो. नॅटिका नावाचा शंख शिंपला पोखरून आतला जीव खातो. भोक वरून रुंद, आत निमुळतं असेल तर त्याचंच काम.

कायदेपंडित: हे सगळं बेकायदा आहे. वन्यजीव कायदा १९७२. वनखात्याला कळवा.

सागरगोटा: सगळं नाही. २००१ मध्ये ठरावीक जाती यादीत घेतल्या: नॉटिलस, मोठा ट्रायटन, शिंगवाला कॅसिस वगैरे. तिसऱ्या-कालवांची टरफलं घरात असली म्हणून कुणी पकडत नाही. पण गजाभाऊ, नॉटिलस निघाला तर शाळेला देण्याआधी वनखात्यात विचारा. म्हणून तर परत विचारतोय, किनारा कुठला?

गजाभाऊ: बाबा दीपगृह खात्यात होते. आधी रत्नागिरीकडे, मग अंदमान, शेवटी लक्षद्वीप. सगळं एकत्रच आहे.

सागरगोटा: हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! कोकणच्या यादीत अंदमानचा शंख कसा सापडणार? डब्यांत चिठ्ठ्या नव्हत्या?

गजाभाऊ: होत्या, कापसात गुंडाळलेल्या. पिवळ्या पडलेल्या, झुरळांनी खाल्लेल्या. रद्दीत टाकल्या.

सागरगोटा: अरे देवा. नाव काय, उद्याही शोधता येतं. ठिकाण आणि तारीख गेली की तो शंख नुसता शोभेचा. रद्दी गेली का?

गजाभाऊ: गॅलरीत आहे. पण सुट्या चिठ्ठ्या, कुठली कुणाची ते कसं कळणार?

सागरगोटा: शंखाच्या तोंडाशी आतल्या बाजूला बघा. बरेच संग्राहक काळ्या शाईने बारीक आकडा टाकतात.

शकूमावशी: तिसऱ्यांवरून आठवलं, एकशिपी करताना तुम्ही कोकम घालता की चिंच?

नाना_फडतरे: कोकमच.

गजाभाऊ: आकडे आहेत!! मला वाटलं डाग आहेत. एका चिठ्ठीवर ११२ आहे, पण ११२ कुठल्या डब्यात ते आता पाचही उपसून बघावं लागणार.

शकूमावशी: बरं झालं व्हिनेगरमध्ये नाही टाकले. पण कोकम नको हो, चिंचच.