‘पीडीएसए सायकल’ला मराठीत काय म्हणायचं?

इंदूरकर: इथल्या एका हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते. प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट, म्हणजे बदल आधी एकदोन पेशंटवर करायचा, काय झालं ते बघायचं, सुधारायचं, परत करायचं. मराठी स्टाफसाठी एक पान लिहायचंय आणि नावालाच अडकलेय. ‘चाचणी चक्र’ लिहिलं तर मावशी म्हणाल्या, कुणाची चाचणी, रक्ताची का लघवीची?

ग्वाल्हेरकर: चक्र नकोच, माणूस फिरून तिथंच येतो. आवर्तन घ्या की, आमच्याकडे गाण्यामुळे रोजचा शब्द, दर वेळी समेवर यायचं पण मधली बढत निराळी.

इंदूरकर: गोड आहे काका, पण मावशींना आवर्तनं म्हणजे अथर्वशीर्षाची, त्यात अक्षर हलवायचं नाही! आमचं उलट. परवा औषधाच्या चिठ्ठीवर ‘सकाळी’साठी सूर्य छापायचं ठरलं, गठ्ठा छापण्याआधी एकच चिठ्ठी हाताने काढून एका आजींना दाखवली तर म्हणाल्या, ऊन डोक्यावर आलं की घ्यायची ना? मग सूर्याच्या जागी चहाचा कप काढून तिघांना दाखवला, त्यातले एक आजोबा चहाच घेत नाहीत.

बडोदेकर: अहो ताई ही तर चकली! आधी एकच तळतो, तेलात विरघळली तर मोहन जास्त, कडक झाली तर कमी, मग पीठ सुधारून पुढचा घाणा. सरळ ‘करून बघणं’ म्हणा, डू आणि स्टडी दोन्ही आले. आणि स्टडीला ‘तपासणी’ नका करू हं, ती डॉक्टर करतात. मूळ कल्पना शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची, १९३९च्या पुस्तकातली, त्याच क्षेत्रातल्या डेमिंगने १९५०मध्ये जपानात शिकवली, तिकडे तिचं प्लॅन-डू-चेक-ॲक्ट झालं, पण डेमिंगला ‘चेक’ पटेना कारण इंग्रजीत चेकचा अर्थ थोपवणं पण होतो, म्हणून तो ‘स्टडी’वर अडून बसला.

ग्वाल्हेरकर: ‘करून बघ’मधलं ‘बघ’ झिजलंय हो. खाऊन बघ, जाऊन बघ, यात बघतं कोण? नुसतं करून मोकळे होतील.

इंदूरकर: हे खरंय, आमच्याकडे तेच होतं, करतात आणि लिहून कुणी ठेवत नाही. मग सुटं करते: ‘ठरवा, करा, बघा’. ॲक्टला ‘सुधारा’ अपुरं वाटतं, कारण कधी तसंच ठेवायचं असतं, कधी टाकूनच द्यायचं.

बडोदेकर: ‘पुढचं ठरवा’?

इंदूरकर: चालेल! आणि सायकलला ‘फेरी’, कारण सिस्टरांनी मला न विचारताच बोर्डावर लिहिलंय, ‘फेरी ३, कपाऐवजी पोहे’.