हिरवी पाटी घेऊन गोव्याबाहेर: तुमचे अनुभव लिहा

हिरवी पाटी, म्हापसा

गोव्याच्या आत इलेक्ट्रिक गाडीचं, म्हणजे हिरव्या नंबरप्लेटवालीचं, नवल आता कुणाला राहिलं नाही. पात्रादेवीपासून पोळ्यापर्यंत अख्खा गोवा उभा पार केला तरी दीडशे किलोमीटर भरत नाहीत. रात्री घरी येऊन पिन लावली की झालं. प्रश्न सुरू होतात ते नाका ओलांडल्यावर. चवथीला पुण्या-मुंबईहून येणारे आणि दिवाळीत इकडून बाहेर पडणारे, दोघांनीही लिहा. कुठल्या कंपनीची गाडी चांगली हा वाद नको. रस्ता कुठला, माणसं किती, कुठे अडलात, कसे सुटलात ते सांगा.

सुरुवात मी करतो. आमचा नेहमीचा रस्ता बांदा-आंबोली-आजरा करत कोल्हापूर आणि पुढे पुणे. बॅटरी ४० युनिटची (वीजबिलावरचंच युनिट). एकदा भरली की कागदावर चारशे किलोमीटरच्या वर, पण चार माणसं, सामान आणि एसी धरून रस्त्यावर २७०-२८० मिळतात.

लोक विचारतात, घाट किती बॅटरी खातो? हिशेब सोपा आहे. माणसांसकट गाडी १७०० किलो धरा, आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर. एवढं वजन तेवढं वर न्यायला सव्वातीन युनिट लागतात, मोटारीतली गळती धरून पावणेचार. रस्ता कापायला लागतात ते वेगळे. घाटाच्या पायथ्याचं दाणोली सोडल्यावर टक्के भराभर उतरतात आणि मागच्या सीटवरून ‘पोचू ना रे?’ सुरू होतं. वर पठारावर आलं की आकडा पुन्हा शांत चालायला लागतो. येताना उताराला मोटारच गाडी धरून ठेवते आणि चढाला गेलेल्यातले निम्म्याहून जास्त युनिट परत देते.

एक गोष्ट मात्र विक्रेता सांगत नाही. आंबोलीत मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरून उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते. मग गाडी नेहमीसारखी धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर राहायचं असेल तर ८५ टक्क्यांवर पिन काढा.

कोथरूडकर

आम्ही कुलदेवतेला फोंडा तालुक्यात येतो, बरोबर वडील असतात. त्यांना दर दीड-दोन तासांनी उतरावंच लागतं, त्यामुळे चार्जिंगला थांबल्याने वेळ जातो ही तक्रार आमच्या गाडीत कुणी केली नाही. पुणे ते कोल्हापूर महामार्गावर डीसी, म्हणजे जलद, चार्जर भरपूर आहेत. एक बंद असला तर पुढचा असतो. महामार्ग सोडून आत वळलात की ही चैन संपते, म्हणून वळण्याआधी गाडी भरून घ्या. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मुंगीच्या पावलाने होतं हे खरं, पण या एका ठिकाणी ९०-९५ पर्यंत बसून राहण्यात शहाणपणा आहे.

वेगाचंही लिहितो, कारण चार्जरपेक्षा फरक त्याने पडतो. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो. सहापदरी रस्त्यावर शंभर ठेवून मी जेवढा वेळ वाचवतो तेवढा पुढच्या चार्जरवर खर्च होतो. वडिलांचं मत असं की हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एकदा भक्तनिवासात खोलीबाहेर १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला. गीझर चालायचा, पण आमचा चार्जर लाल दिवा दाखवून बसला. वायरमन म्हणाला, अर्थिंग नाही. गीझर अर्थिंगशिवायही चालतो, गाडीचा चार्जर चालत नाही. बुकिंग करताना ‘सॉकेट आहे का’ एवढंच विचारू नका, ‘अर्थिंग आहे का’ विचारा.

सत्तरीची सून

वरच्या अर्थिंगला शंभर टक्के दुजोरा! माझं माहेर बेळगावचं, घर जुनं. वाळपईहून चोर्ला घाटाने जायला वाटेत चार्जिंग लागतच नाही, पण परतीसाठी तिथे भरावी तर लागणार. पहिल्यांदा तोच लाल दिवा. मग भावाने परसात खड्डा काढून मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग करून घेतलं. दोन पावसाळे छान चाललं आणि एप्रिलमध्ये पुन्हा दिवा लाल. खड्ड्यातली माती वाळली होती. आता मी निघते म्हणून फोन केला की आई तुळशीला घालून उरलेलं पाणी त्या खड्ड्यात ओतते. गाडीला पाणी घालते म्हणून शेजारणी हसतात.

चोर्ल्याच्या जंगलात मोबाईलला रेंज नाही. असल्या ठिकाणी ॲपवर चालणारा चार्जर असून नसल्यासारखा. कंपनीचं टॅप करायचं कार्ड मिळत असेल तर घेऊन ठेवा.

डिझेलभक्त

एवढं गणित मी बारावीलाही केलं नव्हतं. चालू द्या.

टॅक्सी, काणकोण

पात्रांव, माझी पाटी हिरवीच, पण अक्षरं पिवळी. धंद्याची गाडी. मोपा विमानतळ ते काणकोण एका खेपेला शंभर किलोमीटर, दिवसाला दोन खेपा आरामात होतात आणि डिझेलच्या मानाने खर्च काहीच नाही. गोव्याच्या आत मी परत डिझेल घेणार नाही.

पण पाहुणा हंपी म्हणाला की मी हात जोडतो आणि मित्राची डिझेल गाडी देतो. अडचण गाडी किती लांब जाते याची नाही, वेळेची आहे. पाहुण्याला संध्याकाळी सूर्यास्त बघायचा असतो आणि तुम्ही हुबळीत रांगेत उभे. पुढचा माणूस ९२ टक्के झाले तरी गन, म्हणजे चार्जरच्या वायरचं टोक, काढत नाही, जेवायला बसलाय. दोन गनच्या मशीनवर दोन गाड्या लागल्या तर वीज विभागली जाते, अर्ध्या तासाचं काम तासावर. घरच्या गाडीने जाणाऱ्याने चहा घ्यावा, मला पाहुण्याचं तोंड बघावं लागतं. वर बाहेरच्या डीसी चार्जरचं युनिट घरच्यापेक्षा चार-पाच पट महाग. सगळं बाहेरच भरायचं असेल तर बचत कसली!

चाकरमानी, डोंबिवली

मुंबई-गोवा महामार्गावर भर पावसात येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. सिंधुदुर्गात रस्ता सुंदर आहे आणि तिथेच बॅटरी जास्त जाते, कारण पाय आवरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जिथे वर्षानुवर्षं काम रखडलंय तिथे चाळीस-पन्नासच्या वर जाताच येत नाही, आणि युनिटमागे सर्वांत जास्त किलोमीटर तिथेच मिळतात! खड्ड्यांचे आभार मानायची वेळ आली.

पावसाची भीती बॅटरीला नाही, ती सीलबंद असते. तरी रस्त्यावर वाहतं पाणी असेल तर कुठल्याच गाडीने घुसू नये. भीती आहे ती लाईट जाण्याची. कोकणात वादळी पावसात झाड पडून तारा तुटल्या की रात्रभर अंधार, आणि चार्जरही त्याच तारांवर. म्हणून पावसाळ्यात मी २० टक्क्यांपर्यंत कधीच उतरू देत नाही. ४० राहिले की मिळेल तिथे लावतो. पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्या पुढच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.

परत जाताना इन्सुलीच्या दारू-तपासणी नाक्यावर डिकी उघडावी लागतेच. हिरव्या पाटीला सवलत नाही, काजू फेणीच्या बाटलीचा विचार त्या हिशेबाने करा.

नवी गाडी, मडगाव

सर्वांना धन्यवाद. एक बारीक प्रश्न: होमस्टेमध्ये रात्रभर गाडी लावली तर पैसे कसे द्यायचे? विचारायला संकोच वाटतो.

वेंगुर्ल्याचो घोवकार

संकोच कशाक? मी होमस्टे चालवतंय म्हणून सांगतंय. गाड्यांच्या सॉकेटाक मी वेगळो मीटर लावलंय. रात्री लावताना पाहुण्यान फोटो काढूचो, सकाळी काढताना दुसरो. मधले युनिट गुणिले माझो दर, बिलात तशी ओळ. मीटर नसात थय गाडीच्या स्क्रीनवर किती टक्के वाढले ता बघून हिशेब करा आणि वर थोडे जास्त द्या, चार्जर तापान थोडी वीज वायाच जाता. आणि एक विनंती, एक्स्टेंशन बोर्ड हाडू नकात. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यान लांबचलांब वायर टाकून लावली, वायर वितळली आणि माझो एसी पण बंद पडलो. थेट सॉकेटाजवळ गाडी लागता की नाय ता आदी फोनवर विचारा.