'मसल कार'ला मराठीत काय म्हणाल?

चक्रपाणी: मित्राच्या व्हिडिओसाठी फोर्झा होरायझन ५ या गाड्या पळवायच्या व्हिडिओ गेमचं मराठी निवेदन लिहितोय. १९६९ ची डॉज चार्जर मेक्सिकोतल्या डोंगरातून उतरते. वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची चाकं घसरतात, मग उलटं स्टिअरिंग मारून सावरायचं. या गाड्यांची सगळी मजा त्या सावरण्यात आहे. अडलोय 'मसल कार'वर. मित्र म्हणतो, 'जुनी अमेरिकन गाडी' लिही, अर्थ तोच. मला पटत नाही.

पानातंबाखू: अर्थ तो नव्हेच. १९५९ ची कॅडिलॅकही जुनी अमेरिकनच, मागे माशासारखे उंच पर असलेली, पण तिला कोणी मसल कार म्हणत नाही. मध्यम आकाराच्या, खिशाला परवडणाऱ्या गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं, ही त्यातली मेख. पाँटिॲकने १९६४ मध्ये आपल्या टेम्पेस्ट गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं, ती जीटीओ. एवढं मोठं इंजिन त्या आकाराच्या गाडीत घालायला पाँटिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सची मनाई होती, म्हणून जीटीओ सुरुवातीला जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज म्हणून विकली. कंपनीचा नियम वळसा घालून चुकवला, म्हणून तर ही जात जन्माला आली.

मृण्मयी_स: मग 'दांडगी गाडी' म्हणा. दंडात बळ तो दांडगा. ताकद आली, हूडपणाही आला.

बोरू: दांडगा दंडावरून आला याला पुरावा काय? दंड म्हणजे आधी काठी.

मृण्मयी_स: आणि 'दंड थोपटणे'? तिथे काय काठ्या थोपटतात?

शेवंता: लॅटिनमध्ये मसलचं मूळ 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. आपण दंड फुगवून 'बेडकुळी' काढतो. त्यांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला बेडूक! माझा भाऊ लहानपणी आरशासमोर तासन्‌तास बेडकुळ्या काढायचा.

पानातंबाखू: सरळ 'मसल कार' लिहा. क्लच, गिअर, ब्रेक कधीच मराठी झालेत.

बोरू: त्यांना पर्याय नव्हता म्हणून. इथे निदान 'कार' तरी सोडा, 'गाडी' असताना कार कशाला?

शेवंता: फोर्ड मस्टँगच्या जातीला 'पोनी कार' म्हणतात, तिचं काय करणार? 'तट्टू' म्हटलं तर भाडोत्री तट्टू आठवतं. 'शिंगरू' गोड आहे.

मृण्मयी_स: चार्जर म्हणजेही लढाईतला घोडाच की! पण निवेदनात नुसतं 'चार्जर' ऐकून लोकांना फोनचा आठवेल. 'डॉज चार्जर' असं पूर्ण नाव घ्या.

दादरकर: डॉज मुंबईला परकी नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जायच्या. आमच्या घरी 'प्लायमाउथ' म्हणत.

पानातंबाखू: प्लिमथच बरोबर. स्पेलिंग वाचून बोलायचं नसतं.

दादरकर: मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या जे बोललं गेलं ते चूक कसं? 'शेव्हरोलेट'ही आपण 'ट' लावूनच म्हणायचो.

चक्रपाणी: मंडळी, मला आज मजकूर द्यायचाय. 'दांडगी' की 'मसल'?

बोरू: आधी 'दांडगा'चं ठरू द्या. मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो.

दादरकर: शेव्हरोलेटची जुळणी १९२८ पासून शिवडीला व्हायची. तिथले कामगार काय म्हणत, हे कोणाला माहीत आहे का?