एपीआयचे पैसे भरावे लागले तर अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन किती ठेवायचं?

प्रश्न: एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरच्या पोस्ट दाखवणारं अ‍ॅप आहे, एकदाच पैसे घेऊन विकलेलं. प्लॅटफॉर्म आता एपीआयच्या (अ‍ॅपला त्याच्याकडून माहिती मिळवून देणारी सोय) दर हजार कॉलना, म्हणजे मागण्यांना, ०.२४ डॉलर आकारणार. सबस्क्रिप्शन किती ठेवलं तर तोटा होणार नाही? की जाहिरातींवर भागेल?

उत्तर १: रेडिटने २०२३ मध्ये हाच दर लावला होता. तेव्हा अपोलो या रेडिट वाचायच्या अ‍ॅपचा सरासरी वापरकर्ता दिवसाला ३४४ कॉल करत होता. महिन्याचे झाले १०,३२०, खर्च २.४८ डॉलर. सबस्क्रिप्शन २.९९ ठेवलं, तर स्टोअरचे १५ टक्के जाऊन २.५४ येतात, हातात सहा सेंट. ३.९९ ला साधारण ९१ सेंट, आणि सर्व्हर त्यातूनच चालवायचा. अ‍ॅपलचा १५ टक्के दर आपोआप लागू होत नाही, लहान डेव्हलपरांच्या योजनेत नाव नोंदवावं लागतं. नाहीतर पहिलं वर्ष ३० टक्के, म्हणजे ३.९९ मधून हातात ३१ सेंट.

उत्तर २: गणित बरोबर, पण सरासरी फसवते. दर महिन्याला पैसे भरायला तयार होतात ते दिवसभर अ‍ॅप उघडून बसणारेच. दिवसाला १,००० कॉल करणारा महिन्याला ७.२० डॉलर खातो. त्यामुळे एकच किंमत नको, कॉलच्या मर्यादेनुसार टप्पे पाडा. रिले या रेडिट वाचायच्या दुसऱ्या अ‍ॅपनं तेच केलं.

उत्तर ३: किंमत ठरवण्याआधी कॉल कुठे जातात ते मोजा. नोटिफिकेशनसाठी दर ५ मिनिटांनी विचारणा होत असेल तर दिवसाला २८८ कॉल, म्हणजे अ‍ॅप न उघडताच महिन्याला दोन डॉलरच्या वर. १५ मिनिटं केलीत की ९६. वेबहुक (नवीन काही आलं की प्लॅटफॉर्म स्वतःच कळवतो) मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. तीच पोस्ट परत उघडली तर कॅशमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतीतून, दाखवा (कॅश किती वेळ ठेवता येते ते अटींमध्ये बघून). ४२९ एरर (फार कॉल झाले, थांबा) आल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न करणारा कोड शोधून काढा. एका रात्रीत बिल फुगवतो तो. आणि एपीआय की (प्लॅटफॉर्मने तुम्हाला दिलेली गुप्त किल्ली) अ‍ॅपमध्ये ठेवू नका. कोणीतरी ती काढतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. कॉल स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवा, तिथेच प्रत्येकाची मोजणी होते.

उत्तर ४: जाहिरातींच्या भरवशावर राहू नका, रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपना त्याही बंद केल्या होत्या. वार्षिक सबस्क्रिप्शन तर सध्या विकूच नका. अपोलोला दर कळले ३१ मे २०२३ ला, लागू होणार होते १ जुलैला. ३० जूनला अ‍ॅप बंद झालं आणि उरलेल्या महिन्यांच्या परताव्याचा अंदाज होता सुमारे अडीच लाख डॉलर.

प्रश्नकर्ता: आणि आधी कायमची खरेदी केलेले?

उत्तर २: त्यांनी अ‍ॅपचे पैसे भरलेत, कॉलचे नाहीत. जुन्या सोयी तशाच ठेवा, दिवसाला ५०-६० कॉल मोफत द्या, पुढे टप्पा. खर्च माणशी ४० सेंटच्या आसपास. नवीन कायमची विक्री मात्र आजच बंद करा.